निळ्या बिल्ल्यांची मेंढरं

माझ्या नावामागं डॉक्टर लागलंय ते दादाच्या अकरा मेंढरांच्या जिवावर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॉलेजात सत्कार झाला तेव्हा आईवडिलांचे आभार मानले, सरांचे मानले, प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींचेही मानले. मेंढरांचा विषय आला तेव्हा मात्र "कळपमालकाच्या सहकार्यानं" एवढंच बोलून खाली बसले. कळपमालक म्हणे! सख्खा भाऊ माझा.

आम्ही माणदेशातले धनगर. आटपाडीच्या पुढं, जिथं रान अर्धं खडकाचं आणि अर्धं कुसळाचं, तिथलं आमचं गाव. घरात दोनच पोरं, दादा आणि मी. एकानं मेंढरांमागं जायचं आणि एकानं शाळेत, असं कुणी बसून ठरवलं नाही, पण तसंच झालं. दादा सातवीतनं बाहेर पडला. मी शिकत गेले ती थेट सांगलीला पोचले, तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले आणि नोकरी सांभाळून पीएचडीला बसले. विषय कुठला घेतला, तर मेंढीच्या पोटातले जंत. लोकांना हसू यायचं. मला वाटायचं, हसा लेको, ह्या विषयात माझ्याइतका अनुभव तुमच्यातल्या एकाला नाही.

विषय थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढीच्या पोटात एक बारीक जंत असतो, पोटाच्या आतल्या बाजूला चिकटून रक्त पितो. आता बाहेरचं काही अंगात शिरलं की मेंढीच्या शरीरातल्या राखणदार पेशी त्याला पकडतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे दुसऱ्या पेशींना दाखवतात, की बघा, शत्रू असा दिसतो, ह्याच्याशी लढायचं आहे. हे तुकडे करायच्या कात्र्या म्हणजे एन्झाइम, मराठीत विकर. जंत लय बेरकी. तो एक प्रथिन सोडतो आणि ते नेमकं त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. कात्री हातात आहे, पण चालत नाही. तुकडेच झाले नाहीत तर दाखवणार काय? जंत निवांत राहतो. माझं म्हणणं असं होतं की कात्री एकदा अडकली की ती नुसती जंतापुरती अडकत नाही. अशा मेंढीला तुम्ही दुसऱ्याच रोगाची लस टोचलीत तर तीही लागू पडणार नाही, कारण लसीचेही तुकडे कुणीतरी करावेच लागतात.

हे सिद्ध करायला एक कळप हवा होता. निम्म्या मेंढरांना दर तीन आठवड्यांनी जंताचं औषध पाजायचं, निम्म्यांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढरू तडकाफडकी मरतं त्या रोगाची, लस टोचायची आणि ठरलेल्या दिवशी रक्त काढून बघायचं, की रोगाशी लढणारी प्रतिपिंडं कुणाच्या रक्तात किती तयार झाली. परका धनगर असल्या भानगडीला कशाला तयार होईल? मी दादाकडं गेले. त्याला म्हणाले, दोन प्रकारची औषधं आहेत, कुठलं चांगलं ते बघायचंय. एक पिवळा डबा, एक निळा डबा. कानात पिवळा बिल्ला मारलेल्या मेंढराला पिवळ्यातलं पाजायचं, निळ्याला निळ्यातलं. निळ्या डब्यात पाणी आहे हे सांगितलं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांचंही तसंच म्हणणं होतं, पाजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर तो हात आखडतो. मला ते पटलं. शास्त्रात तसं करतातच. पण सरांचा तो भाऊ नव्हता, माझा होता.

दादाच्या कळपात तेव्हा सत्तरएक मेंढरं. त्यातली निम्मी त्याची स्वतःची. बाकीची दुसऱ्यांची, राखायला आणि वाट्यानं दिलेली. थोडी चुलत्याची होती, थोडी शेजारच्या फौजीची, जो तिकडं जम्मूत ड्यूटीवर होता. आमच्यात मालकीची खूण कानाच्या कडेला कातरलेली असते. दादाच्या मेंढराच्या डाव्या कानाला एक कातर, चुलत्याच्या दोन, फौजीच्या उजव्या कानाला. ही माहिती मला जन्मापासूनची. ती वहीत टिपून ठेवावी असं काही वाटलं नाही.

कुठल्या मेंढराला कुठला बिल्ला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. त्याला फार महत्त्व असतं. माणसानं निवडलं की त्यात माणसाचं मन शिरतं, म्हणून निवड चिठ्ठीवर सोडायची. मी चिठ्ठ्या करून नेल्या, बिल्ल्यांच्या दोन पिशव्या आणि औषधाचे दोन्ही डबे नेले, पाचसहा मेंढरांचं केलं आणि कॉलेजातनं फोन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचं सुपरव्हिजन आहे, या. आटपाडीची गाडी चुकली तर पंचाईत. मी दादाला म्हणाले, डब्यातली चिठ्ठी उचलायची, रंग बघायचा, बिल्ला मारायचा, झालं. तो म्हणाला, जा तू निवांत. मी गेले. संध्याकाळी फोनवर विचारलं, झालं का सगळं? झालं म्हणाला. मी वहीत लिहिलं, निवड चिठ्ठीनं केली.

आता माझी अक्कल बघा. पाण्यात खडूची पूड आणि रंग घालून मी ते औषधासारखं दिसेल असं केलं होतं. दिसायला हुबेहूब. शेजारी शेजारी ठेवलं तर मलाही ओळखू येईना, इतकी स्वतःवर खूश होते मी. चवीचा विचारच केला नाही. आमचे आबा, म्हणजे वडील, मेंढराच्या तोंडात काहीही घालायच्या आधी बोटावर घेऊन चाटून बघायचे. झाडपाला असो नाहीतर सरकारी दवाखान्यातली बाटली. जे आपल्या जिभेला लावलं नाही ते मुक्या जनावराच्या घशात घालायचं नाही, असा त्यांचा नेम. मी लहानपणी शंभरदा बघितलेला. जंताचं खरं औषध कडूजहर असतं. दादानं दोन्ही डबे चाटून बघितले असणार हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. धनगराची पोर मी, आणि चार बुकं शिकून एवढंही विसरले!

दादानं तेव्हा मला काहीच विचारलं नाही. गणपतीच्या आधी पहिला डोस पाजला, विसर्जनानंतर मी जाऊन लस टोचली, मग ठरल्याप्रमाणं दुसरी मात्रा. दर तीन आठवड्यांनी त्याचा फोन यायचा, की दोन्ही डब्यातलं पाजलं. एकदा वहिनीनं फोन घेतला आणि म्हणाली की निळी मेंढरं उतरलीत जरा, डोळ्यांच्या आतनं पांढरी दिसतात. मी म्हणाले, असू दे, बघू. मला ते अपेक्षितच होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, प्रयोग रुळावर आहे म्हणून.

दिवाळी झाल्यावर कळप दरवर्षीसारखा पश्चिमेला निघाला. आमच्याकडचं गवत संपतं आणि तिकडं सोयाबीन, मका निघून रानं मोकळी होतात. शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यामुताचं खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो. त्या वर्षी दादानं कोरेगावच्या बाजूला एका रानात तळ टाकला. सोयाबीन नुकतं काढलेलं, शेंगा आणि दाणे बक्कळ सांडलेले. मेंढरं तुटून पडली. आणि आंत्रविषार येतो तो असाच येतो, एकदम भारी खाणं पोटात गेलं की.

बुधवारी सकाळी मी कॉलेजला निघत होते तेव्हा दादाचा फोन आला. दोन मेंढरं गेली म्हणाला. चरून आली, एकदम उडी मारली, पडली, पाय झाडले आणि गेली. दोन्ही निळ्या बिल्ल्याची. मी पायात चप्पल घालत होते ती तशीच थांबले. मला रोगाचं नाव ठाऊक होतं. लस टोचूनही तो का झाला हे तर माझ्याइतकं त्या वेळी महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नसेल, कारण तोच माझा प्रबंध होता. जंतानं कात्री अडकवली होती, लस वाया गेली होती, आणि निळी मेंढरं उघडी पडली होती.

दादा म्हणाला, "बाय, पिवळ्या डब्यातलं ह्यास्नीबी पाजू का? आन ह्या रानातनं हलवतो."

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. सातवी शिकलेल्या माणसानं नेमकं जे करायचं तेच विचारलं होतं. आणि जनावरांवरच्या प्रयोगाला मिळालेल्या परवानगीच्या कागदावरही तेच लिहिलेलं: जनावरं आजारी पडली की प्रयोग थांबवून लगेच उपचार करायचे. खाली सही माझी. पण शेवटचं रक्त पुढच्या गुरुवारी काढायचं होतं. त्याच्या आधी निळ्यांना औषध गेलं, चारा बदलला, की चार महिन्यांचं काम मातीत. पुन्हा कळप, पुन्हा परवानगी, पुन्हा एक वर्ष. कॉलेजात माझ्यामागनं आलेल्या दोघी डॉक्टर होऊन बसल्या होत्या. हे सगळं एका श्वासात माझ्या मनात येऊन गेलं.

मी म्हणाले, "चारा बदलू नको, काही पाजू नको. पुढच्या गुरुवारपर्यंत थांब. मी येतेय."

तो बरं म्हणाला. एवढंच. वाद घातला असता, शिवी दिली असती तर माझंही डोकं ठिकाणावर आलं असतं कदाचित. दादानं आयुष्यात माझ्याशी कधी वाद घातला नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले विचारू नका. म्हणजे विचारा, कारण खरं उत्तर लाज वाटण्यासारखं आहे. मी ते नेहमीसारखे काढले. तास घेतले, पेपर तपासले, बर्फाची पेटी धुऊन ठेवली. रोज सकाळी फोन वाजायचा. दादा आकडा सांगायचा, मी हूं म्हणायची आणि बिल्ल्याचा नंबर टिपून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदाही तोंडातनं निघालं नाही, की दादा, पाज आता, खड्ड्यात गेला माझा प्रबंध. सगळीच वाचली असती असं मी म्हणत नाही. पण निम्मी तरी वाचली असती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं कोरेगावला उतरले आणि तळावर पोचले तेव्हा अकरा झालेली. अकरा वाजलेले नव्हे, अकरा मेंढरं. बांधाच्या कडेला ताजी माती ओढलेली दिसत होती. वहिनी वाघरीच्या जाळीपाशी उभी होती. नेहमी मी आले की पाण्याचा तांब्या पुढं करायची, त्या दिवशी हललीसुद्धा नाही. मी पेटी उघडली आणि आधी रक्त काढायला बसले. आधी रक्त, मग औषध. असा क्रम लावला मी तिथंही.

दादा एकेक मेंढरू धरून द्यायचा आणि मी मान मागं करून शिरेत सुई घालायची. बिल्ल्याचा नंबर वाचायला कान हातात घ्यावाच लागतो. निळा बिल्ला, डाव्या कानाला एक कातर. पुढचं निळं, डाव्या कानाला एक कातर. सातआठ मेंढरं झाल्यावर मी सुई खाली ठेवली. मी उठून पिवळी बघितली. चुलत्याची कातर, फौजीची कातर. दादाचं त्यात एखादंच, ते मी जाताना स्वतः चिठ्ठी उचलून बिल्ला मारलेलं. निळ्यात परक्याचीही तशीच दोनतीन, माझ्याच हातची. मी गेल्यावर मागं ज्यांना बिल्ले लागले त्यातलं निळं एकूण एक दादाचं होतं. चिठ्ठ्या त्यानं उचलल्याच नव्हत्या. मेलेली अकराही त्याचीच.

मी दादाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता. वहिनी जवळ आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "ताई, तुमच्या शिक्षणाला आमचीच मेंढरं लागली व्हय?"

दादानं तिला गप्प केलं. मी राहिलेलं रक्त काढलं, मग सगळ्यांना औषध पाजलं, कळप त्या रानातनं हलवला आणि संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परत आले. पेटीत बर्फ वितळायच्या आत पोचणं गरजेचं होतं.

निकाल असा आला की सर खुर्चीतनं उठले. पिवळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर, निळ्यांच्यात जेमतेम. आणि जंताचं ते कात्री अडकवणारं प्रथिन ज्या मेंढीत जास्त, तिथं लस तितकी कमी लागू पडलेली. इतकं स्वच्छ चित्र क्वचित येतं, असं सर म्हणाले. मग त्यांनी जे विचारायचं ते विचारलं, की निवड चिठ्ठीनंच केलीस ना, तुझ्यासमोर? मी हो म्हणाले.

त्या वेळी मनाशी म्हणाले होते, नाही म्हटलं तर प्रयोग रद्द होईल आणि अकरा जीव फुकट जातील. निदान ते कामी तरी येऊ देत. ऐकायला किती बरं वाटतं! पण मी माझ्याशी एवढं खोटं बोलू शकत नाही. मला डॉक्टर व्हायचं होतं. मेंढरं नुसती तोंडी लावायला होती.

प्रबंध मान्य झाला, पेढे वाटले. दादा पेढे खायला आला नाही, कळपासोबत होता. त्याची राहिलेली मेंढरं त्या धक्क्यातनं सावरलीच नाहीत. गाभण होती त्यांची पोटं पडली, दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, आणि हळूहळू त्यानं सगळी काढून टाकली. आज त्याच्याकडं पन्नासेक मेंढरं आहेत, पण डाव्या कानाला एक कातर असलेलं त्यात एकही नाही. सगळी दुसऱ्यांची राखतो. वहिनी माझ्याशी बोलते, सणाला साडी घेते, देते. पण फोनवर औषधपाण्याचं काही मला विचारत नाही. जनावर आजारी पडलं की थेट सरकारी दवाखान्यात नेते.

ह्या उन्हाळ्यात दादा डोळे दाखवायला सांगलीला आला, दोन दिवस माझ्याकडं राहिला. दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी भाकरी थापत होते, तो खाली फरशीवर बसून जेवत होता. टेबलावर बस म्हटलं तर ऐकत नाही. मी ठरवलं, आज बोलायचंच. पाठ त्याच्याकडं होती म्हणून धीर आला असेल. गॅस बारीक केला आणि म्हणाले, दादा, त्या निळ्या डब्यात औषध नव्हतं, नुसतं पाणी होतं.

तो हसला. "मला ठाव हाय की. चाटूनच बघिटलं हुतं पयल्या दिवशी."

मग बिल्ले तू आपल्याच मेंढरांना का मारलेस, असं मी विचारलं. हे विचारायला मला सहा वर्षं लागली. त्यानं आधी घास संपवला. मग सांगत बसला, शांतपणे, रानातल्या गोष्टी सांगतो तसं. म्हणाला, कुणाला तरी पाणी पाजल्याशिवाय तुझी परीक्षा होत नव्हती, हे मला कळलं. फौजी बायकोपोरांसारखी मेंढरं माझ्यावर सोपवून गेलेला. चुलता म्हातारा. त्यांच्या जनावराला मी जाणूनबुजून पाणी कसं पाजायचं? माझ्या मेंढराला काय, ते माझंच. आणि तू काय परकी हाईस का?

माझे डोळे भरून आले. भाकरी तव्यावर टाकायची राहिली, पिठाचे हात तसेच. मनात म्हणाले, आता उरलेलंही बोलून टाक, आता नाही तर कधीच नाही. मी वळले, त्याच्यासमोर बसले. म्हणाले, दादा, आणि ते फोनवर मी तुला थांब म्हणाले ते—

"त्येचं काय एवढं," तो म्हणाला. "मरतील असं तुला तरी कुठं ठाव हुतं? ठाव असतं तर तू मला सांगिटलंच असतंस की."

हे म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला. आरोप नव्हता त्यात, शंकाही नव्हती. नुसती उत्तराची वाट बघत होता.

मी व्हय म्हणाले.